मामांचं पाणी आणि खालचं रान

माझ्या ताईचे सासरे या जगात फक्त दोन गोष्टींपुढे सावधान उभे राहत: एक राष्ट्रगीत आणि दुसरं पाटाचं पाणी. त्यातही राष्ट्रगीत चालू असताना नाकावर माशी बसली तर ते हळूच फुंकर मारून तिला उडवत. पण शेतात पाणी आलं की माशीच काय, अंगावर विंचू चढला असता तरी ते हलले नसते. त्यांचं गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठावर. सातारा जिल्हा नेमका कुठे संपतो आणि सांगली जिल्हा कुठे सुरू होतो, याबद्दल तिथल्या म्हशींचीही खात्री नव्हती. सैन्यातून सुभेदार होऊन परतल्यामुळे गाव त्यांना सुभेदार म्हणे, ताई मामंजी म्हणे, आणि ताईच्या माहेरचे आम्ही सगळे मामा म्हणत असू. उंच, काटक अंग, ओठांवर कडक मिशा आणि परेडच्या मैदानासाठी घडवलेला आवाज. जेवताना त्यांनी "मीठ आण" म्हटलं की शेजारच्या घरातली सूनसुद्धा मीठ घेऊन उठायची.

ते ताईला बघायला आमच्या साताऱ्याच्या घरी आले, तेव्हाच आम्हाला या माणसाची चुणूक मिळाली. ताई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली तर पाहुणे खुर्चीत नाहीत. माझे वडील त्यांना शोधत परसात गेले. मामा आईच्या अळूच्या वाफ्याजवळ डोळे मिटून उभे होते. वडिलांना वाटलं, प्रवासाने पाहुण्यांना चक्कर आली. ते आधार द्यायला धावले, तेव्हा मामांनी एक डोळा उघडला आणि जिभेवर ठेवलेली चिमूटभर माती गिळून टाकली. "माती गोड हाय पाव्हणं," ते म्हणाले, "पर तानेली हाय. पाणी कमी पडतंय हिला." मग घरात येऊन त्यांनी ताईला एकच प्रश्न विचारला, "पोरी, तांब्यात उरलेलं पाणी काय करतीस?" ताई घाबरून म्हणाली, "तुळशीला घालते." "पसंत हाय," असं म्हणून ते पोहे खायला बसले. ज्यांचं लग्न व्हायचं होतं ते आमचे दाजी कोपऱ्यात बसून होते. त्यांना काही विचारायचं असेल, तर ते आजपर्यंत राहून गेलेलं आहे.

मामांच्या या पाणीवेडाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांची पलटण आफ्रिकेच्या वाळवंटात होती. तिथे आपल्याच मुलखातला एक जोडीदार जखमी होऊन त्यांच्याशेजारी पडला आणि पाणी मागू लागला. "म्या बाटलीचं बूच काढलं," मामा म्हणाले, "त्येच्या तोंडावर बाटली उलटी केली, हलवली. वाळू पडली रं आतनं." एवढं सांगून ते उठले आणि अंगणातल्या गाईला पाणी दाखवायला गेले. गाईने नुकतंच पाणी पिऊन तोंड फिरवलं होतं, तरीही ते बराच वेळ बादली धरून तिच्यापुढे उभे राहिले.

सैनिकांच्या कचेरीत काही काम निघालं की ते साताऱ्याला येत आणि आमच्याकडे उतरत. त्या दिवशी आमच्या घरात पाणी पिणं ही मोठी जोखमीची गोष्ट होई. घोटभर पाणी पेल्यात उरलं, की मामा काही न बोलता तो पेला उचलत, परसात जात आणि एखाद्या झाडाच्या बुंध्याशी तो असा ओतत की जणू बाळाला पाजताहेत. एकदा एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चहा प्यायला बसलो. चहा संपल्यावर मामा उठले आणि टेबलाटेबलांवरून लोकांच्या पेल्यांतलं उरलेलं पाणी एका जगमध्ये गोळा करू लागले. मालकाला वाटलं, आजोबांना नोकरी हवी आहे. तो समजुतीने म्हणाला, "बाबा, माणसं भरलीत आमची." मामांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, जग भरून नेला आणि रस्त्याकडेच्या एका मरतुकड्या लिंबाला घातला. मी लाजेने मान खाली घालून बसलो होतो, पण मालक मात्र त्यानंतर मामा आले की स्वतःच जग पुढे करायचा.

घरात इतका कंजूष असणारा हा माणूस शेतात मात्र पाण्याच्या बाबतीत राजा होता. त्याचं असं की त्यांचं रान नदीपासून हाकेच्या अंतरावर, पण उंचावर. बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या खाली वाहणारी नदी बघत वर कोरडवाहू जोंधळा काढला. नदी त्यांना धुणं धुवायला आणि म्हशी डुंबायला होती, पिकाला नव्हती. मग सत्तर सालाच्या आसपास गावाने मिळून नदीवर पंप बसवला, मोठे नळ घातले आणि पाणी वर चढवलं. मामांच्या बांधावर पहिलं पाणी आलं, तेव्हा भर उन्हात ते सैन्यातला लोकरी कोट घालून, छातीवर सगळी पदकं लावून उभे होते. पाणी फुसफुसत, माती आणि काडीकचरा ढकलत पाटातून पुढे आलं तसा त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला आणि पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत हात खाली घेतला नाही. ताईच्या सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्यांनीही वाकून ओल्या मातीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

त्या दिवसापासून मामांचा ऊस म्हणजे मामांची नवी पलटण झाली. एखादं कांडं ओळ सोडून वाकडं उगवलं तर ते त्याला "लाइनमधी!" म्हणून दटावत. सकाळी शिट्टी वाजवून ते घरच्या माणसांना अंगणात उभं करत आणि कामं वाटून देत. सासूबाई तेवढ्या रांगेत उभ्या राहत नसत, आणि सुभेदारसाहेबही तिकडे काणाडोळा करत. त्यांचा एकच सिद्धांत होता, आणि तो ते चावडीवर, देवळात, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे मांडत: "घरात सांडलं ते वाया. रानात गेलं ते न्हाई." आपली पाण्याची पाळी ते कधी चुकवत नसत, आणि दुसऱ्या कुणाची चुकली तर तीही आपल्याकडे वळवून घेत. कुणी म्हटलं, सुभेदार, परवाच तर पाजलंय, अजून पाय रुततोय रानात, की ते म्हणत, "पिकाला पोट हाय का माणसावानी, भरलं म्हणायला?"

त्यातच बहात्तरचा दुष्काळ आला. नदीकाठी आमचे हाल कमी झाले, पण पूर्वेकडून, विट्याच्याही पलीकडून, मेंढरं घेऊन माणसं नदीकडे चालत आली. त्यांच्या मेंढरांच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. मामांनी ती सगळी आपल्या पाटावर सोडली. मेंढरं पाणी प्यायली आणि जाता जाता मामांच्या उसाचे शेंडेही ओरबाडून गेली. मामा बांधावर उभे राहून बघत होते. दाजी काठी घेऊन धावले, तर त्यांच्यावर ओरडले, "खाऊ दे! पाण्यानं वाढलंय, पाणी वाढवील!" ती मेंढपाळ माणसं जाताना मामांच्या पाया पडली, आणि मला वाटतं, तेव्हाच मामांची खात्री झाली की आपण जे करतो आहोत ते पुण्य आहे. पुण्य करणाऱ्या माणसाला थांब म्हणणं फार अवघड असतं.

सुरुवातीची वर्षं त्यांचा ऊस इतका जाड आला की मनगट मागे पडावं. कारखान्याची माणसं फोटो काढून घेऊन गेली. गावातली तरणी मंडळी संध्याकाळी बांधावर येऊन विचारायची, सुभेदार, युरिया किती टाकला, पाणी कितव्या दिवशी दिलं. मामा हातचं न राखता सगळं सांगत. "पाण्याला हात आखडता घ्यायचा न्हाई गड्यांनो," हा शेवटचा हुकूम. गावाने तो पाळला. एकेकाळी जोंधळा, हरभरा, करडई, तूर असं सगळं मिळून येणारी ती काळी जमीन नजर जाईल तिथवर एकाच हिरव्या रंगाची झाली.

मामांच्या रानाच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून, त्यांच्या चुलत भावाचं रान होतं. त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू. आप्पा मामांपेक्षा वयाने लहान, बुटके, हळू बोलणारे. लहानपणी दोघं एकाच थाळीत जेवलेले. आप्पांनी ऊस लावला नव्हता. जोंधळा आणि गहू यावर त्यांचं भागत होतं. एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे असताना आप्पा बांध चढून वर आले. त्यांच्या तळहातावर मातीचं एक ढेकूळ होतं, आणि त्या ढेकळावर पिठासारखा पांढरा थर.

"दादा, जरा ह्ये बघ."

मामा चार माणसांत बसून उसाच्या गोष्टी सांगत होते. त्यांनी मान वळवून पाहिलं. "काय हाय?"

"मीठ फुटलंय माझ्या रानात. गहू उगवतोय अन् पिवळा पडून मरतोय. तुझं पाणी झिरपून माझ्या बुडाला येतंय, दादा. जरा हात आवर."

"पाणी खालीच जातंय आप्पा," मामा मोठ्याने म्हणाले, "म्या काय त्येला वर जायाला शिकवू व्हय?"

बसलेली माणसं हसली. मीही हसलो असेन; बोलणं हसण्यासारखंच होतं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी ते ढेकूळ मामांच्या पुढ्यात बांधावर ठेवलं, फेकलं नाही, नीट ठेवलं, आणि खाली उतरून गेले. त्यानंतर त्यांनी मामांशी बोलणं टाकलं. पुढे त्यांनी बैलजोडी विकली. त्यांचा एकुलता एक मुलगा विट्याकडच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर सोनं गाळायच्या कामाला दक्षिणेत कुठल्याशा मोठ्या शहरात निघून गेला. आप्पांच्या रानात बाभळी आणि लव्हाळा माजला. दोन्ही घरांच्या बायका पाणवठ्यावर एकमेकींशी बोलत, पण घरी आल्यावर त्याचा उच्चार करत नसत.

मग मामांच्या रानाची पाळी आली. त्या हिवाळ्यात मी पुन्हा ताईकडे गेलो होतो. सकाळी मामांबरोबर रानात गेलो, तर खालच्या बाजूच्या सऱ्यांवर पांढरं काही तरी पसरलेलं. "दव पडलंय," मामा म्हणाले. आम्ही पुढे गेलो. ऊन चढलं, दुपार झाली, परत येताना ते पांढरं तसंच होतं, उलट जास्त चमकत होतं. तिथला ऊस गुडघ्याएवढा राहिला होता आणि पानांची टोकं भाजल्यासारखी करपली होती. मामा खाली बसले. त्यांनी चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. मला वाटलं, ते थुंकतील. पण त्यांनी ती गिळली.

पण मामा हार मानणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी आधी बेण्याला दोष दिला, मग युरियाला, मग युरिया विकणाऱ्या दुकानदाराला. त्यानंतर त्यांनी स्वतःच इलाज शोधून काढला: अंगाला मीठ लागलं तर आपण पाण्याने धुतो, तसं रानही धुवायचं. त्यांनी पाण्याच्या जास्तीच्या पाळ्या मागून घेतल्या आणि रान तुडुंब भरलं. पाणी आटलं, तसं मीठ आणखी वर आलं. पांढरा डाग वीतभर सरके, मामा आणखी पाणी सोडत. चिखलात उभे राहून ते उसाला चुचकारत, "पी रं, पी बाबा," असं म्हणत, आणि ते बघताना हसू येत नसे.

शेवटी एका दुपारी ताईच्या सासूबाई भाकरी घेऊन रानात आल्या. मामा फावडं घेऊन पाट फोडायच्या तयारीत होते. सासूबाई नवऱ्यासमोर कधी जास्त बोलत नसत. त्यांनी भाकरीचं टोपलं बांधावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आवं, त्येला तान लागलीया का, हे कवा इचारलंसा का त्येला?"

मामांनी फावडं खाली टेकवलं.

"त्यो माणूस वाळवंटात मेला," सासूबाई हळूच म्हणाल्या. "ह्यो ऊस न्हाई वाळवंटात. बुडून मरतोय ह्यो."

रानाच्या कोपऱ्यात जुनी विहीर होती. मामांच्या लहानपणी तिच्या पायऱ्या उतरता उतरता दम लागे, असं ते नेहमी सांगत. नळाचं पाणी आल्यापासून तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. मामा त्या विहिरीपाशी गेले, काठावर पालथे झाले आणि त्यांनी हात खाली सोडला. हात मनगटापर्यंत पाण्यात बुडाला. ते तसेच पडून राहिले. सासूबाई जवळ जाऊन बसल्या, त्यांनी भाकरी सोडली, पण त्या दिवशी ती कुणी खाल्ली नाही.

सांगलीहून शेतकी खात्यातले एक तरुण साहेब येऊन रान बघून गेले. सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं होतं तेच त्यांनी सविस्तर सांगितलं, आणि वर उपाय सांगितला. जमिनीखालचं पाणी वर आलं आहे, ते काढायला खोल चर खणायला हवा, आणि चराचं पाणी ओढ्यात जायला हवं. ओढा आप्पांच्या रानापलीकडे होता. म्हणजे चर आप्पांच्या रानातूनच न्यायला हवा होता. साहेब गेल्यावर दोन दिवस शिट्टीही वाजली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी फेटा न बांधता, नुसती टोपी घालून, मला बरोबर घेतलं. "तू चल," म्हणाले. "पोरांम्होरं मला बोलता यायचं न्हाई."

आप्पा अंगणात दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मामा उभेच राहिले.

"आप्पा, तुझं रान म्या मारलं."

आप्पांचे हात थांबले.

"तू ढेकूळ आणलंस, तवा म्या चार माणसांत तुझं हसं केलं. आता माझ्याबी रानात फुटलंय. चर काढायचा हाय. वाट तुझ्यातनं हाय." एवढं बोलून मामांचा आवाज संपला. तो परेडच्या मैदानाचा आवाज अंगणाच्या टोकापर्यंतही पोचला नव्हता.

आप्पांनी दोर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "चर काढ. पर माझं रान धुऊन निघंस्तवर वरनं तू पाणी सोडायचं न्हाई. एक थेंबबी न्हाई. जमंल?"

"उभा ऊस हाय रं माझा."

"माझाबी गहू उभा हुता."

मामांनी मान हलवली. "न्हाई सोडत," म्हणाले.

पाणीवाटपाच्या बैठकीत मामा उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या पाळ्या बंद करा, तेव्हा जो गोंधळ उडाला तो दाजी अजून रंगवून सांगतात. आजवर त्या बैठकीत पाणी जास्त मागण्यावरून डोकी फुटायची वेळ आली होती. पाणी नको म्हणणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. अध्यक्षांना ऐकू कमी येई. त्यांना वाटलं, सुभेदार आणखी पाळ्या मागताहेत. ते चिडून म्हणाले, "गावाला जगू द्याल का न्हाई?" कुणीतरी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांनी मामांना जवळ बोलावलं आणि कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मग मामांच्या वाटणीचं पाणी कुणी घ्यायचं यावर तासभर भांडण झालं. ज्यांनी ते मिळवलं ते मामांचेच शिष्य होते. मामा त्यांना म्हणाले, "गड्यांनो, माझं रान बघून या, मग घ्या." एकाने उत्तर दिलं, "तुमचं रान खालच्या अंगाला हाय सुभेदार. आमचं वर हाय." आप्पांना एकेकाळी कसं वाटलं असेल, ते मामांना तेव्हा कळलं असावं. घरी येऊन सासूबाईंना एवढंच म्हणाले, "म्याच शिकिवलंय त्यास्नी. आता कुनाला बोलू?"

उन्हाळ्यात चर खणायला सुरुवात झाली. आप्पांच्या हद्दीत, ओढ्याच्या काठापासून. मामांनी पुन्हा शिट्टी बाहेर काढली. दाजी, ताई, ताईच्या दिराकडची माणसं, मी, सगळ्यांना त्यांनी रांगेत उभं केलं आणि कुदळी वाटल्या. गावात बातमी झाली की सुभेदारानं खंदक खणायला घेतलाय, लढाई लागणार. लोक ओढ्यापलीकडे उभे राहून विचारत, "सुभेदार, दुश्मन कुठंपातूर आलाय?" मामा फावडं न थांबवता उत्तर देत, "पायाखाली हाय!" माझ्या हातांना पहिल्याच दिवशी फोड आले. मामांचे गुडघे दुखत, पण ते खाली उतरून खणत, आणि खणताना आम्ही नदीकडून येणारा पंपाचा आवाज ऐकत असू. तो आवाज मामांना सोसत नसे. दुसऱ्याच्या रानात पाणी चाललंय आणि आपला ऊस उन्हात सुकतोय, हे ऐकताना त्यांचा चेहरा आक्रसून जाई. एकदा ते कुदळ टाकून उठले आणि तरातरा वर पाटाकडे गेले. आम्हाला वाटलं, झालं, आता पाट फोडणार. ते पाटाच्या काठाशी थांबले, वाहत्या पाण्यात दोन्ही पाय सोडून थोडा वेळ बसले आणि ओल्या पायांनी परत येऊन पुन्हा खणू लागले.

आप्पा रोज आपल्या रानात येत, पण बाभळीच्या सावलीत आमच्याकडे पाठ करून बसत. एके सकाळी चराची एक कड ढासळली आणि मामा मांडीपर्यंत चिखलात रुतले. आम्ही लांब होतो. पोचेपर्यंत आप्पा बाभळीखालून उठून काठावर आले होते. त्यांनी वाकून हात पुढे केला. "धर," म्हणाले. इतक्या वर्षांत ते मामांशी आपणहून बोललेले पहिलेच शब्द. मामांनी हात धरला. त्यांना वर ओढून घेतल्यावर आप्पांनी चराकडे नजर टाकली आणि मामांचं फावडं उचललं. "वाकडा चाललाय दादा," ते म्हणाले, "पलटणीत ह्येच शिकिवलं व्हय तुला?" मामांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी चिखलाच्या हातांनीच डोळे पुसले, त्यामुळे त्यांचं तोंड असं झालं की ताईला पदरात तोंड लपवावं लागलं.

पावसाळ्याआधी चर पुरा झाला. पाऊस पडला तसं चरातून गढूळ, मचूळ पाणी ओढ्याला जाऊ लागलं. मामांनी आप्पांच्या रानात ताग पेरला, तो पुरुषभर वाढवला आणि फुलावर आल्यावर रानाला खत म्हणून नांगराखाली गाडून टाकला. उभं पीक गाडणारा माणूस बघायला पुन्हा गाव जमला, पुन्हा हसला. मामा आता लोकांच्या हसण्याला सरावले होते. त्यांचा स्वतःचा ऊस त्या वर्षी गेला, आणि रान आप्पांच्या रानापेक्षा जास्त बिघडलेलं निघालं. त्यावरचा पांढरा थर हलायला तयार नव्हता. त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. फक्त साताऱ्याला आले की आईच्या अळूच्या वाफ्याजवळ पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहू लागले.

त्याच्या पुढच्या वर्षी आप्पांच्या रानात खपली गहू आला. भरघोस नव्हता, कुठे दाट, कुठे विरळ, पण गहू होता. मळणी झाल्यावर आप्पांच्या घरून निरोप आला, आणि संध्याकाळी आप्पा स्वतः बांध चढून वर आले. त्यांच्या मागे त्यांची बायको डोक्यावर पातेलं घेऊन. पहिल्या खपलीची हुग्गी, गूळ घालून शिजवलेली घट्ट खीर. सगळे बांधावरच बसले. मामांनी वाटी पुरी केली, पुन्हा मागून घेतली, आणि खाता खाता ते आपल्या पांढऱ्या रानाकडे बघत राहिले.

"माझं कवा व्हायचं रं आप्पा?"

"हुईल की," आप्पा म्हणाले. "तुला कसली घाई झालीया?"

मामा नुसते हसले. त्यांच्या छातीत त्या दिवसांत दुखत असे, हे सासूबाईंखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

मामा पुढच्या पावसाळ्यात गेले. तार मिळाली तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो. पोचलो तो सावडण्याचा दिवस. घर माणसांनी भरलं होतं. पाणीवाटपाचे अध्यक्ष आले होते, मामांचे ते सगळे उसाचे शिष्य आले होते. त्यांतल्या दोघांच्या रानात आता पांढरे डाग दिसू लागले होते, आणि ते आपापसांत हळू आवाजात चराबद्दल बोलत होते. आप्पा कुठे दिसेनात. ताई म्हणाली, "रानाकडे गेलेत."

मी रानाकडे गेलो. पावसाने मामांच्या हद्दीतली चराची कड ढासळून पाणी तुंबलं होतं. आप्पा कमरेएवढ्या चिखलात उतरून एकटेच गाळ वर टाकत होते. मी काठावर उभा राहिलो. त्यांनी मला बघितलं, कपाळावरचा घाम पुसला.

"दादाचं रान सुकायचं हाय अजून," ते म्हणाले, आणि पुन्हा फावडं मारू लागले.